मोटारीचा नंबर

तातेरावनं माझा पंखा दुरुस्त केला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तो वारा वर फेकतो. छतावरच्या पाली गार राहतात आणि मी खाली घामेजत बसतो. तक्रार केली तेव्हा तातेरावनं मान वर करून पंख्याकडं कौतुकानं पाहिलं आणि म्हणाला, "फिरून तर राहिला ना, गुरुजी?" छत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आमच्या पुसेगावात जळालेली मोटार भरायची, म्हणजे आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, तर ती माझ्या या शेजाऱ्याकडंच. शिक्षण चौथीपर्यंत, पण बोटांत कसब आहे, हे मी मान्य करतो. नाइलाजानं करतो. खोट एकच. त्याचं प्रत्येक काम पंधरा आणे होतं आणि सोळावा आणा "बघू की" म्हणत राहून जातो.

कसबाचा आणि खोटीचाही नमुना त्याच्या शेतात आहे. गावाबाहेर माळावर त्याचा आखाडा, म्हणजे पत्र्याची एक खोली; समोर विहीर आणि खाली उतारावर हळद. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत त्यानं एक जुना बटणांचा फोन दोऱ्यानं बांधून ठेवलाय. घरून त्या नंबरवर रिंग दिली की मोटार आपोआप चालू होते; त्याला रेंज नसली तर ती रिंग मी देतो. बंद करायला मात्र स्वतः चालत जावं लागतं. ते जमवायचं राहून गेलं.

बोलायच्या फोनशी त्याचं कधीच जमलं नाही. पुण्याहून मुलाचा, विश्वंभरचा, फोन आला की हा उठून उभा राहतो, "व्हय. व्हय. बरं हाय. ठेवतो," एवढं मोठ्यानं म्हणतो आणि फोन बायकोच्या, शकुबाईच्या, हातात देतो. ती मग अर्धा तास बोलते, दोघांचं मिळून.

करोनाच्या साली उन्हाळ्यात विश्वंभर बायको शिला आणि सात वर्षांची पुनम यांना घेऊन गावी आला. जूनमध्ये त्याची कंपनी सुरू झाली तसा तो एकटाच परत गेला. नात याआधी कधी चार दिवसांच्या वर राहिली नव्हती. आता ती तातेरावच्या मागं मागं फिरायची, स्क्रू वेचून वाटीत ठेवायची आणि "आबा, हे कशाचं?" असं दिवसातून शंभरदा विचारायची. फोनवर चार शब्द न बोलणारा माणूस पोरीपुढं मोटार उघडून तासतासभर समजावून सांगू लागला. मी माझ्या ओट्यावरून बघायचो. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. निवृत्त मास्तरला ऐकणारं लेकरू मिळत नाही.

मग पुण्याच्या शाळेनं कळवलं की पंधरा जूनपासून वर्ग मोबाईलवर. आमच्या गल्लीत रेंज येते तशी जाते. शिलानं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून टाकलं, "मामा, पोरीची शाळा बुडाली तर मला चालणार न्हाई. महिना संपेस्तोवर बघते. जमलं तर ऱ्हातो आमी. न्हाई तर पुनमला घेऊन वसमतला माहेरी जाते. तिथं रेंज बराबर असती."

"बघू की," तातेराव म्हणाला. पण तोंड उतरलं होतं. मी पाहिलं, शकुबाईनंही पाहिलं.

त्याच संध्याकाळी शाळेचा फॉर्म भरताना शिलानं विचारलं, "मामा, घरातला अजून एक नंबर मागून राहिले. पोरगी वर्गातून मधीच गायब झाली तर मॅडम त्याच्यावर फोन करतेत. तुमचा सांगा."

तातेरावनं दहा आकडे धडाधड सांगितले, एकदाही न अडखळता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं शाळा उभारायला घेतली. शिलाचा फोन लांब वेळूला बांधून छपराच्या वर चढवला, कारण वर रेंज चांगली. कानात घालायच्या वायरला मोटारीची तार जोडून ती खाली अंगणात आणली. पुनमला शाळा ऐकू यायला लागली, पण दिसेना. मॅडम फळ्यावर काय लिहितात ते बघायचं तर वेळू चढावा लागला असता. पोरगी चढायला तयारही होती. तिच्या आईनं फ्रॉक धरून ठेवला.

मग सुधारणा झाली. वरच्या फोनचं इंटरनेट खालच्या फोनवर घेता येतं हे शिलानं सांगितलं, आणि विश्वंभरनं दिलेला, मोटारीच्या रिंगेपुरताच कोनाड्यातून निघणारा तातेरावचा मोठा फोन कामाला लागला. आता पुनमला मॅडम दिसू लागल्या आणि मॅडमना पुसेगाव ऐकू येऊ लागलं. वजाबाकी चालू असताना शकुबाईचा आवाज सगळ्या वर्गात घुमला, "मेले, किती खातीस? पोट हाय का पोतं?"  कोण बोललं म्हणून मॅडमनी विचारलं तर पुनमनं प्रामाणिकपणे सांगितलं की आजी म्हशीला बोलून राहिली. झालं, पुण्यातल्या तीस पोरांना म्हैस बघायची होती. वजाबाकी तिथंच राहिली.

एवढं करूनही रेंज टिकेना. वारा आला की वेळू डोलायचा आणि मॅडम तोंड उघडं ठेवून गोठून जायच्या. रोज कधी दहाला, कधी साडेदहाला पुनम वर्गातून गायब. संध्याकाळी शिलाला शाळेचा निरोप यायचा की घरच्या नंबरवर फोन केला, पूर्ण रिंग गेली, कुणी उचलला नाही.

"मामा, मॅडमचा फोन काहून उचलत न्हाई तुमी?"

"आलाच न्हाई बाई."

दोघंही खरं बोलत होते. शिलाला मात्र वाटलं, सासरा लपवालपवी करतोय. दोन दिवस तिनं त्याच्याशी धड बोलणं सोडलं.

याच दिवसांत माळावर दुसरंच काहीतरी सुरू झालं. हळदीचं बेणं नुकतंच जमिनीत गेलेलं, वरून पाऊस, आणि मोटार आपली आपण चालू व्हायची. शकुबाई दुपारी शेतात जावी तर सऱ्या तुंबलेल्या. बेणं कुजायला असा किती वेळ लागतो. तातेरावनं पेटी तीनदा उघडली, तार तपासली, स्टार्टर पुसला. आतल्या फोनचं तोंड पत्र्याकडं होतं, आणि तो सरळ करून बघावा हे त्याला सुचलं नाही. त्याच्या लेखी तो फोन नव्हताच, स्टार्टरचा एक भाग होता.

मग हा माणूस माझ्या ओट्यावर आला. उभाच राहिला. "गुरुजी, मोटारीचा नंबर माझ्यासिवाय फकस्त तुमाला ठावा हाय."

"बरं मग?"

"न्हाई, म्हणलं, चुकून लागला असंल."

माझ्यावर आळ. मी, ज्यानं उभ्या जन्मात कुणाच्या बांधावरचं बोरसुद्धा उचललं नाही, तो सकाळी दहा वाजता शेजाऱ्याची हळद कुजवायला रिंगा देत बसतो असं याचं म्हणणं. मी त्याला पंख्यापासून सुरुवात करून सगळं ऐकवलं. चार दिवस आमचं बोलणं बंद होतं. मला करमेना, पण ते मी त्याला कशाला सांगू.

तीस जून उजाडला. शिलानं पिशव्या भरल्या. तातेराव अंगणात एका मोटारीपुढं बसला होता, पण हात चालत नव्हते. पुनम वाटी घेऊन जवळ उभी. "आबा, वसमतला मोटारी असतेत का?" तिनं विचारलं. त्यानं नाकावरून बाही फिरवली.

माझ्या ओट्याच्या टोकाला एक दांडी रेंज येते. निघायच्या आधी मॅडमना कळवावं म्हणून शिला तिथं येऊन उभी राहिली आणि आवाज मोठा करून फोन लावला. बहुतेक सासऱ्याला ऐकू जावं म्हणूनच.

"मी तर रोज करते हो फोन," मॅडम म्हणाल्या. "एकाही दिवशी लागला नाही असं झालं नाही. पूर्ण रिंग जाते. नंबर चुकलाय का बघा," आणि त्यांनी आकडे वाचायला सुरुवात केली.

सहाव्या आकड्याला तातेराव उठला. आठव्याला मीही उठलो, कारण तो नंबर मलाही पाठ होता.

स्वतःचा नंबर कोण कशाला पाठ करतो. स्वतःला कुणी फोन लावत नाही. तातेरावनं जन्मात एकच नंबर रोज दोनदा दाबला होता आणि शिलानं विचारल्यावर तोच तोंडून बाहेर आला. पंधरा दिवस पुण्याच्या मॅडम पुनमची चौकशी करत होत्या आणि आमच्या माळावर हळदीला पाणी पडत होतं.

शकुबाईनं कपाळावर हात मारला. शिला रागवावं की हसावं या विचारात पडली. मी माफीची वाट बघत होतो. पण तातेरावचा चेहरा उजळत चालला होता. तो फोनजवळ वाकला आणि अनोळखी बाईशी आपणहून बोलला, "बाई, येक दिवसबी चुकला न्हाई म्हणता? पूर्ण रिंग गेली?"

"हो, रोज."

"म्हंजी माळावर रेंज हाय," तो आम्हा सगळ्यांना म्हणाला.

रिंग जाते म्हणजे इंटरनेटही चालेलच असं नाही, हे मी सांगायला गेलो. ऐकायला कुणी नव्हतं. पुनमला गाडीवर पुढं बसवून, शिलाचा फोन तिच्या हातात देऊन तातेराव माळाकडं निघालासुद्धा. वीस मिनिटांनी माझ्या फोनवर पुनमचाच फोन आला, चित्रासकट. तिच्या मागं विहीर होती, विहिरीमागं हळद, आणि सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की सरीतलं पाणीही ओळखू येत होतं. शिलानं पिशव्या रिकाम्या केल्या.

आखाड्यावर शाळा भरली. तारेचं रिकामं लाकडी रीळ आडवं ठेवून टेबल झालं, पत्र्याला आतून पोती लावली म्हणजे पाऊस वाजू नये. शाळेच्या फॉर्मवर शिलानं नंबर बदलून तिथं स्वतः तपासून तातेरावचा खरा नंबर दिला. म्हशीला आखाड्यापासून दूरच ठेवलं, शकुबाईलाही. वजाबाकी अडली की पुनम वर्ग संपल्यावर माझ्याकडं यायची. माझी माफी तातेरावनं अशी परस्पर मागितली, असं मी धरून चाललो.

दीड वर्षानं थंडीत पुण्याच्या शाळा उघडल्या आणि मायलेकी गेल्या. गाडी सुटेपर्यंत तातेराव खिडकीशी उभा होता. पुढचे आठ दिवस तो ओसरीत नुसता बसून असायचा. पुनमचा फोन आला तरी तेच, "व्हय. बरं हाय. ठेवतो."  शकुबाईनं किती समजावलं, पोरीशी बोला चार शब्द. त्याला जमेचना.

आणि एके दिवशी दुपारी दोन वाजता माळावरची मोटार आपली आपण चालू झाली.

शेतात गेलेल्या शकुबाईनं कळवलं तसा तो धावत गेला. पेटी उघडून त्यानं फोन सरळ करून पाहिला. त्यावरचे आकडे त्यानं मला आणून दाखवले; नंबर शिलाचा होता. पुनमनं शाळेतून घरी येऊन रिंग दिली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनला. तिसऱ्या दिवशी हा पावणेदोनलाच विहिरीवर जाऊन बसला. मग ते रोजचंच झालं. लाईट नसली की मोटार हलायची नाही, पण पेटीतल्या फोनवर मिस्ड कॉलची खूण पडलेली असायची. ती बघून तो परत यायचा आणि संध्याकाळी माझ्याशी भरपूर बोलायचा. पंखासुद्धा बघतो म्हणाला एकदा.

जानेवारी सरत आला. हळद काढायची तर आधी पाणी तोडावं लागतं, आणि तोडल्यावर पाणी पडलं की माल बिघडतो. शकुबाईनं शिलाला तसं कळवलं. तातेरावला मात्र सांगितलं नाही.

तीन दिवस मोटार गप्प. तातेरावनं पेटी खोलली, तार बदलली. शेवटी मला म्हणाला, "गुरुजी, तुमच्या फोनवरून येक रिंग द्या बरं." मी दिली. तो माळावर जाऊन बघून आला, मोटार चालू झाली होती. बिघाड नव्हता. तो माझ्या पायरीवर बसला, आणि मग त्यानं माझ्याच फोनवरून पुण्याला फोन लावायला सांगितला.

"पुनम," तो म्हणाला, "तीन दिस झाले. काहून रिंग देत न्हाईस?"

"आबा, आई म्हणाली, हळद कुजेल."

"कुजू दे."

शकुबाई दारातच उभी होती.  ती पुढं आली, तातेरावच्या हातातला फोन घेतला आणि म्हणाली, "दी गं रिंग. हळदीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मिळून माळावर गेले. तातेरावनं हळदीकडं जाणारा पाईप सोडवला, वाकवला आणि त्याचं तोंड परत विहिरीत सोडून तारेनं पक्कं आवळलं. विहिरीतलं पाणी वर येणार आणि विहिरीतच पडणार. हळदीला तकलीफ नाही. मी इतकी वर्षं पाहतोय, त्याच्या हातून सोळा आणे झालेलं हे पहिलं काम.

दोन वाजता मोटार चालू झाली. विहिरीत पाणी धो धो पडू लागलं. मी शेजारच्या माझ्या बांधावर होतो. शकुबाईनं थोडा वेळ वाट पाहिली, मग म्हणाली, "आवो, इज जळून राहिली. बंद करा की आता."

तातेराव काठावर बसून पाण्याकडं बघत होता.

"थांब," तो म्हणाला, "बोलून होऊ दे तिचं."