गढूळ पान्यात काळं गांडूळ

नवऱ्याचं नाव घ्यायला आता कसली लाज? पुंजाराम. भिंगारच्या छावनीत, लष्करी साहेबांच्या मेसमधी वाढप्याचं काम करायचे. चालनं हळू, बोलनं त्याहून हळू. त्यांनी एक वाक्य सुरू केलं की मी मधी भांडी घासून यायची, तरी वाक्य तिथंच. आन मी पडले तापट. माझी आई म्हनायची, "मुक्ते, दुसरा कोनी असता तर चार दिसांत माहेरी धाडली असती तुला." खरंच हाय ते.

नाद त्यांना एकच, मासे धरायचा. मेसमधल्या एका मेजरसाहेबाला बी तोच नाद. त्याची बदली झाली तवा जाताना त्यानं आपली फिरकीची गळकाठी ह्यांना दिली, आन संगट एक पत्र्याचा डबा. मी डबा उघडला आन किंचाळलेच. आत गांडुळं! लिबलिबीत, बोटाएवढी, तांबडी, पिवळी, हिरवी, पांढरी, काळी. हे हसायला लागले. रबरी हुती ती, साहेबाच्या कुन्या पाव्हन्यानं परदेशातनं आनलेली. गळाला लावायची, पान्यातनं ओढायची, शेपटी हालती आन मासा फसतो.

साहेबानं जीपमधी बसता बसता सांगितलं हुतं म्हनं, "पुंजाराम, पानी नितळ असलं तर कुठलं बी लाव. गढूळ असलं तर रंग बघून लाव." आता कोन्ता रंग, हे विचारायचं का न्हाई? ह्यांनी विचारायला तोंड उघडलं तवर जीप फाटकाभायेर गेल्ती.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालच्या आखाडातली. दुष्काळ नुकता सरला हुता. माझ्या सासूबाई, छबूबाई, टायफॉईडनं पडल्या. मी त्यांना आत्या म्हनायची. वीस दिसांनी ताप उतरला, पन अन्न काय तोंडात घेईनात. पेज दिली की तोंड भिंतीकडं. अंगात नुसती हाडं राहिली. बोलनं बी बंद केलं. डॉक्टर म्हनाला, "माझं औषध संपलं. आता पोटात अन्न गेलं तरच ही बाई उठंल. न्हाई गेलं तर मी काय करनार?"

त्या दिशी हे आईच्या उशाला बसून राहिले. हळूच म्हनाले, "आये, काय खावंसं वाटतं का तुला?"

आत्यांनी भिंतीकडनं तोंड वळवलं आन म्हनाल्या, "मरळीचं कालवन असंल तर बघीन."

आमच्याकडं आजाऱ्याला, बाळंतिनीला मरळच देत्यात. काटा कमी, अंगी लागती. पन दुष्काळात तळी आटलेली, बाजारात मरळ बघायला मिळंना. आन वार शुक्रवार. रविवारी दिव्याची आवस, सोमवारी श्रावन लागनार. श्रावनात आत्या मासा तर सोडाच, कांद्याला बी शिवायच्या न्हाईत. मरायला टेकल्या तरी त्यांनी नेम मोडला नसता, हे मला पक्कं ठावं. म्हंजे हातात तीनच दिवस. महिनाभर थांबायला त्या काय राहत हुत्या?

सीना नदीचा एक डोह दुष्काळात बी आटला नव्हता. तिथं मरळ हाय, हे ह्यांना म्हाईत. मेसचं दुपारचं जेवान उरकलं की संध्याकाळच्या चहापोतर ह्यांना मोकळीक. सायकलीला काठी बांधून गेले. शुक्रवारी तांबडं गांडूळ लावलं, कारन खरं गांडूळ तांबडंच असतं. हात हालवत परत आले.

"काय झालं?" मी इचारलं.

"पानी लई गढूळ हाय. निस्ता चहा."

"मंग चहात दिसंल असं लावा की काहीतरी!"

शनिवारी त्यांनी बादलीत नदीचं पानी आनलं. एकेक गांडूळ बुडवून वरनं बघितलं. पिवळं झकास दिसायचं. म्हनून पिवळं घिऊन गेले, आन परत हात हालवत आले. मरळ श्वास घ्यायला वर येती, पुढ्यातच बुडबुडा सोडती, पन गांडळाकडं ढुंकून बघत न्हाई म्हनं. माझं डोस्कं फिरलं. घरात मानूस जातंय आन हे रंग निवडत्यात! लई बोलले मी त्यांना, नको ते बोलले. "तुमची आई हाय का माझी?" असं बी म्हनले. ते भाकरी तशीच ठिऊन उठले. मला वाईट वाटलं, पन तोंडातनं गेलेलं थोडंच परत येतं?

रविवारी सकाळी मी दिवे घासत बसले हुते, तर हे माझी काचंची बरनी घिऊन अंगनात. पापडाची बरनी! पापड परातीत वतलेले, आन बरनीत नदीचं पानी.

"अहो, येड लागलं का तुमाला?"

"मुक्ता, ही जरा डोक्याच्या वर धर."

"का?"

"मासा वरनं बघत न्हाई. मासा खालनं बघतो."

एवढं बोलून हे माझ्या पायाशी उताने झोपले. मी बरनी वर धरलेली, हातात कळा. हे उठायचे, दोऱ्याला बांधलेलं गांडूळ बरनीच्या तोंडाशी पान्यात सोडायचे, पुना झोपायचे, वर आभाळाकडं टक लावायचे. पिवळं सोडलं, न्हाई. पांढरं, न्हाई. तांबडं, हिरवं, न्हाई. शेजारची चांगुणा भिंतीवरनं बघून म्हनाली, "अगं बया! काय उतारा चाललाय का काय?"

"उतारा न्हाई, नवरा चाललाय माझा हातचा!" मी वरडले.

हे उठून बसले, अंगाला सगळी माती. "पिवळं पान्यात इरघळल्यागत हुतं. वरच्या उजेडाच्या आड खालनं काळंच उठून दिसनार. काळं काढ डब्यातनं."

डब्यात काळं एक बी नव्हतं.

काय सांगू, ती मीच वाटून टाकली हुती. काळी वस्तू म्हनल्यावर नजरंला चांगली, असं वाटलं मला. एक दाराला लिंबू-मिरचीसंगट टांगलेलं, ते उन्हानं पाघळून चौकटीला चिकटलं. एक चांगुणाच्या म्हशीच्या गळ्यात बांधलेलं, ते म्हशीनं कवाच चघळलं. तिसरं आत्या आजारी पडल्या तवा काळ्या दोऱ्यात ववून त्यांच्या खाटंला, उशाशी बांधलेलं. तेवढंच राहिलेलं.

आता ते सोडायचं? आवसंच्या दिशी, आजारी मानसाच्या उशाची नजरंची वस्तू सोडायची? चांगुणा म्हनाली, "मुक्ते, हात लावू नगंस." हे खाटंजवळ गेले, पन त्यांना बी धीर होईना. आईकडं बघत निस्ते उभे.

आत्यांनी डोळे उघडले. सगळं ऐकलं हुतं त्यांनी. इतक्या बारीक आवाजात म्हनाल्या की वाकून ऐकावं लागलं, "सोड रं. नजर लागाया अंगावर मांस तरी हाय का?"

ह्यांनी दोरा तोडला.

त्या दिशी दुपारी, मेसचं जेवान उरकल्यावर, आत्यांपाशी चांगुणाला बसवून मी बी सायकलीवर मागं बसले. घरात थांबले असते तर भिंतीशी भांडले असते. डोहावर ऊन-सावली चाललेली. हे काठाला उकिडवे बसले, काळं गांडूळ गळाला लावलं, लांब फेकलं, आन फिरकी हळू, लई हळू फिरवायला लागले. मला वाटलं, आपुन फिरवावी भराभरा. त्या दिशी मातुर मला कळलं, ह्या कामाला ह्यांच्यासारखाच मानूस पायजे.

चवथ्या का पाचव्या फेकीला पानी फाटलं. काठी वाकली आन एकदम सुटली. ओढून बघितलं तर गांडळाची शेपटी तुटलेली, अर्धंच राहिलेलं. मी तोंडात पदर कोंबला. बोलायचं न्हाई म्हनून कोंबला, मला माझी खात्री नव्हती.

ह्यांनी तो अर्धा तुकडा सरळ केला, नीट लावला, आन त्याच जागंला परत टाकला. "भुकेली हाय," एवढंच म्हनाले.

ह्या बारीला काठी वाकली ती वाकलेलीच राहिली. हे उठले न्हाईत, घाई न्हाई, वरडनं न्हाई. सोडत हुते, ओढत हुते. हाताएवढी काळीभोर मरळ चिखलात आपटली तशी मी तिच्यावर पदरासकट पडले. साडी गेली ती गेली. ह्यांना म्हनले, "काल बोलले ते चुकले वो मी." ते म्हनाले, "आदी पिशवी दे."

हे मला घरी सोडून मेसला गेले, चांगुणा बी आपल्या घरी गेली. मी कालवन केलं पातळ, तिखट बेताचं, भाकरी चुरून मऊ केली. आत्यांना उशीला टेकवून बसवलं. हे चहाचं काम उरकून, पांढऱ्या डगल्यातच धावत आले आन दारात उभे राहिले. आयुष्यात पैल्यांदा मी त्यांना धावताना बघितलं.

पैला घास आत्यांनी तोंडात घोळवला. गिळला. दुसरा घेतला. तिसऱ्याला मी चमचा पुढं केला तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आन ताटली सोताच्या मांडीवर वढली. ताप आल्यापासनं आपल्या हातानं त्यांनी काय उचललं नव्हतं. अर्धी ताटली सरली तवा मान वर करून दाराकडं बघितलं.

"पुंजा, तू जेवला का रं?"

"व्हय आये," हे म्हनाले. साफ खोटं. कालपासून पोटात पान्याबिगर काय नव्हतं.

"खोटं बोलतंय," आत्या म्हनाल्या. "हिकडं ये. तोंड उघड."

पंचेचाळीस वर्सांचा मानूस, मेसचा डगला घातलेला, खाटंशी गुडघ्यावर बसला आन तोंड उघडलं. आत्यांनी मरळीचा घास करून त्याच्या तोंडात घातला. ह्यांच्या गालावरनं पानी चाललेलं आन हे चावत हुते, हळूहळू, आपल्या नेमानं.

मला तिथं थांबवंना. अंगनात आले, भिंतीपाशी गेले आन सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं वरडले, "चांगुणे, जेवल्या गं आत्या! जेवल्या!"