कॅप्टनच्या डोक्यावरचा चंद्र

“अगं, मी वारलोय. वेळ काढून ये बघायला,” असं काकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी माणिकपूरच्या बाजारात मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करत होते. मागून काकीचा आवाज येत होता, आणि तो नवरा गेलेल्या बाईचा नक्कीच नव्हता.

झालं होतं असं. गिरीजला, काकांच्या आळीच्या तोंडाशी, गावातल्या सैनिकांचं स्मारक उभं राहिलं होतं. काळा दगड, सोनेरी अक्षरं. वर लढाईत गेलेले दोघे, खाली नोकरी पुरी करून घरी परतलेले सगळे. त्यांत माझे काका. शिपाई म्हणून भरती झाले आणि मानद कॅप्टन होऊन निवृत्त झाले. नावाआधी ‘कॅ.’ कोरायचं होतं, कोरलं गेलं ‘कै.’. अर्धचंद्राच्या जागी दोन मात्रा पडल्या आणि आमचे कॅप्टन उभ्या उभ्या कैलासवासी झाले.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. ‘शुद्धलेखनाने असा काय फरक पडतो, बाई?’ हा प्रश्न मला पालकांनीसुद्धा विचारलेला आहे. त्यांना द्यायला आता घरचंच उदाहरण मिळालं. चिडले तर होतेच, पण खरं सांगते, गिरीजला पोचेपर्यंत रिक्षात एकटीच हसत होते.

काका ओटीवर खुशीत बसले होते. “आजवर बऱ्याच बढत्या मिळाल्या, पण एवढ्या वरची नाही,” म्हणाले. काकीला यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. काकांचा कोट आणि पदकं तिने कपाटात बंद केली होती आणि किल्ली कमरेला खोचली होती. रविवारी अनावरण होतं. तिथे ती जाणार नव्हती, पदकंही देणार नव्हती. आणि काकांनी स्मारक समितीला कळवून टाकलं होतं, ही येणार नसेल तर मीही नाही. या दगडासाठी सगळ्यांत जास्त चपला झिजवल्या होत्या त्या काकांनीच.

समजूत घालायला आलेला समितीतला एक शहाणा तेवढ्यात बोलून गेला, “काकी, दोन मात्रांचं काय एवढं मनावर घेता? रंगाने बुजवून टाकू.”

काकीने घरच्या बोलीत त्याला जे सुनावलं, ते निम्मं गाळून पुस्तकी मराठीत देते. “लढाईच्या वेळी एक जण दारात येऊन म्हणाला होता, तुमचे गेले. त्याला मी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. आता दगडाचं ऐकू?”

काकांनीही ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली असावी. ते काकीकडे बघत राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी पुन्हा वारल्याचा विनोद केला नाही.

मी कारागिराला दगडापाशी बोलावून घेतलं ते चांगलं फैलावर घ्यायच्या तयारीने. त्याने आधीच कान पकडले. “बाई, जन्म गेला बाकांवर, पाणपोयांवर, देवळांच्या पायऱ्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ कोरण्यात. हाताला जिवंत माणसाची सवयच नाही.” यावर काय रागावणार? मीच फिसकन हसले. मग पर्समधला खडू काढला (ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही) आणि दगडावर दोन्ही मात्रा पोटात घेईल असा जाडजूड चंद्र काढून दिला.

“एवढा मोठा?” त्याने विचारलं.

“कॅप्टन आहेत,” मी म्हटलं.

तो चंद्र झाला उताण्या करंजीसारखा. साऱ्या दगडात तेवढंच अक्षर मुकुट घालून बसल्यासारखं दिसतं. संध्याकाळी काकी स्वतः येऊन बघून गेली. नखाने खरवडून पाहिलं, रंग की खरोखर कोरलेलं. “चालेल,” एवढंच बोलली. किल्ली मात्र रविवारी सकाळीच कमरेची निघाली. पदकं तिने स्वतः लावली, आणि आम्ही निघालो.

पाहुण्यांचं भाषण बरंच लांबलं. ते मी ऐकलं नाही, त्यामुळे वाईटही म्हणणार नाही. पडदा सरकला, टाळ्या झाल्या. मग पाहुण्यांनी झेंडूचा भलामोठा हार दगडाला घातला. तो वरच्या दोघांवरून थेट खालपर्यंत लोंबला, काकांच्या नावावरसुद्धा. नावाला, फोटोला हार कधी चढतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. काकी उठली.

पाहुण्यांचे हात जोडलेलेच होते. तिने हार उचलला, दुहेरी केला आणि वरच्या दोन नावांपुरता नीट बसवला. पदर सावरून नमस्कार केला. तिथे ती थोडा वेळ उभी राहिली, डोळे मिटून. मग वळली, तबकातला दुसरा हार उचलला, जो पाहुण्यांसाठी होता, आणि सरळ काकांच्या गळ्यात घातला.

मग खाली ज्यांची नावं होती त्यांच्या बायका उठल्या. हार उरले नव्हते, तेव्हा एकीने केसातली वेणीच काढून नवऱ्याच्या कोटाला अडकवली. म्हातारे जवान लाजून लालेलाल झाले. पाहुणे बिचारे दिलदार, तबक हातात धरून त्यातली सुटी फुलं स्वतःच वाटायला लागले. मी हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदमच.

“लग्नानंतर आज घातलास हार,” काका हळूच म्हणाले.

“हलू नका, पदकांत अडकेल,” काकी म्हणाली, आणि हार सारखा करता करता तिचा हात त्यांच्या छातीवर बराच वेळ तसाच राहिला.