कुमुद आत्याच्या नावाचं सवाष्णीचं ताट

माझी आत्या मेली, तेव्हा कुठे ती आमच्या घरात सवाष्ण झाली.

त्याआधी नव्हती. नवरा इंदूरला चांगला धडधाकट होता, तरी नव्हती.

आज अविधवा नवमी. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईच्या नावाने आज सवाष्ण जेवू घालायची. खरं तर हे सासरचं काम. पण सासरी कोणाला पडलंय? म्हणून आमची काकू करतेय. हौस!

सकाळीच तिचा फोन. "मनू, कुमुदवन्संच्या नावाने सवाष्ण तूच बस. त्यांची लाडकी ना गं तू! बारापर्यंत दर्पण कॉलनीत आमच्याकडे ये. साडी-खण आणून ठेवलाय."

मी म्हटलं, "काकू, मी नाही येणार."

"अगं, पितरांचं काम आहे. असं नाही म्हणू नये."

मी कारण सांगायला लागली तर तिने फोनच ठेवला.

ठीक आहे. इथे लिहिते. इथे कोणाला फोन ठेवता येत नाही.

कुमुद आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन इंदूरला गेली. नवरा मारायचा. एका दिवाळीत हाताला प्लास्टर घेऊन ग्वाल्हेरला आली, ती परत गेलीच नाही.

आजोबा तिला म्हणाले, "लेकीने दिल्या घरी सुखी राहायचं असतं."

हो, प्लास्टरकडे बघत म्हणाले.

आत्याला घटस्फोट हवा होता. नोकरी ग्वाल्हेरलाच, इंदरगंजला एका वकिलाकडे, टायपिंगची. कोर्टात काय लागतं, काय नाही, तिला सगळं ठाऊक होतं. पण घरात बैठक बसली. "घरात पोरी आहेत. उद्या मनूचं लग्न करायचंय. आत्याने घटस्फोट घेतलाय म्हटल्यावर पुण्याचं एक तरी स्थळ येईल का?"

मनू म्हणजे मी.

मी तेव्हा दुसरीत होती.

(पुण्याचं स्थळ कधी आलंच नाही. मी कॉलेजातल्या मुलाशी लग्न केलं, आपल्या मर्जीने. आत्याचा घटस्फोट मात्र राहिला तो राहिलाच.)

ती गावातच थाटीपुरला एक खोली घेऊन राहिली. गळ्यात काही नाही, कपाळावर बारीकशी काळी टिकली. कूलर, रेडिओ, कुंडीत मिरची. मजेत होती, हे लोकांना जास्त खुपायचं.

आणि आता गंमत ऐका.

चैत्राचं हळदीकुंकू, संक्रांतीचं, कोणाची मंगळागौर. आमच्याकडे गावातल्या सगळ्या मराठी बायका यायच्या. आत्याला बोलावणं नाही. कधीच नाही. का? तर "नवरा सोडलेली". चैत्रात तिच्या वाटची कैरीची डाळ डब्यातून जायची. ती मी नेऊन द्यायची.

एकदा विचारलं, "आत्या, तू का नाही येत?"

"तिथे फार गर्दी असते बाई. मी आपली कूलरसमोर बसून खाते." मग एक चमचा खाऊन म्हणाली, "काकूला सांग, मीठ कमी आहे."

माझ्या हळदीलासुद्धा तेच. ती पुढे आली तर काकू म्हणाली, "वन्सं, तुम्ही जरा चहाचं बघता का?"

आत्या चहाचं बघायला गेली. ज्या लग्नासाठी तिला त्या माणसाला बांधून ठेवली, त्याच लग्नात ती मला हळद लावू शकली नाही.

मी उठून किचनमध्ये गेली आणि गाल पुढे केला. तिने हळद लावली. काकू महिनाभर माझ्याशी बोलली नाही. फार बरं वाटलं.

मागच्या वर्षी आत्याला कॅन्सर झाला. हॉस्पिटलमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. "मनू, मला माझी निळी साडी नेसवा. पहिल्या पगाराची. हिरवी नको हं. त्याच्या नावाचं काहीसुद्धा नको अंगावर."

मी सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांनी हो म्हणून मान हलवली होती.

ती गेली त्या दिवशी मी निळी साडी पिशवीत घेऊन उभी होती, आणि काकूने आतून हिरवी आणली. नवी कोरी.

"अगं, अहेव मरण आलंय. केवढं भाग्याचं!"

"काकू, तिने नको म्हणून सांगितलं होतं."

"आजारी माणूस काहीही बोलतं."

चुलतभावाने माझा दंड धरला. "ताई, अभी रहने दे ना यार, लोग बैठे हैं." बाबा जमिनीकडे बघत होते. इंदूरला फोन त्यांनीच केला होता.

तो माणूस टॅक्सी करून आला. त्याच्या हातून तिच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं, कपाळाला कुंकू लावलं. त्याच हाताने, ज्याने तिचा हात मोडला होता.

मी ओरडली. मला बाहेर नेलं.

खिडकीतून बघितलं. ज्या बायांनी उभ्या जन्मात तिला हळदीकुंकवाचं बोट लावलं नाही, त्या तिच्या पायांवरचं कुंकू घ्यायला रांगेत उभ्या होत्या. "आम्हालाही असंच मरण येवो."

येवो बायांनो. खुशाल येवो.

संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर मेसेज होता, "सौ. कुमुद" आणि पुढे त्याचं आडनाव. खाली हात जोडलेल्या इमोजींची जत्रा.

आता कोणी कमेंटमध्ये लिहीलच, घरातलं घरात ठेवावं. घरातच ठेवलं होतं, काय केलं तुम्ही?

काकू, तू हे वाचतेयस, मला माहितेय. ते ताट मांडू नकोस. जिला जिवंतपणी एकदा पाटावर बसवली नाही, तिच्या नावाने मी पाटावर बसणार नाही. साडी-खण परत कर दुकानात.

निळी साडी माझ्याकडेच राहिली होती.

आज मी ती नेसली आहे. टिकली बारीक, काळी.

कुमुद आत्या. नुसती कुमुद, अलीकडे पलीकडे काही नाही.

सुखी राहा गं. आता तुला कोणी कुठे दिलेलं नाही.