सुशीलाला कुठे नेलं

मालकिणीने दाराला बाहेरून कुलूप लावलं तेव्हा आम्ही दोघी आत होतो. मी आणि सुशीला. मी कल्याणची, ती ठाण्यातल्या खोपटची. कुवेतमधल्या त्या बंगल्यात मी स्वयंपाक करायची, ती मुलं सांभाळायची. शेजारच्या देशाचं सैन्य शहरात घुसलं होतं. मालकांनी मुलं घेतली, दागिने घेतले, पिंजऱ्यासकट पोपट घेतला. मालकीण खिडकीच्या जाळीतून म्हणाली, "घर नीट सांभाळा. चोर येतील."

पोपटाला गाडीत जागा होती. आम्हाला नव्हती.

चोर नाही आले. सैनिक आले. त्यांनी कुलूप तोडलं आणि मला वेडीला बरं वाटलं. कोणीतरी दार उघडलं, एवढंच मला दिसलं.

त्यांचा एक अधिकारी बंगल्यातच राहिला. दिवाणखान्यातलं घड्याळ काढून त्याने तिथे आपल्या हुकूमशहाचा फोटो लावला. त्या माणसाचं नाव मी तोंडाने घेत नाही. जाड मिशी, हसरा चेहरा. हुकूम असा, की सकाळी आधी त्याच्यापुढे मान खाली घालून उभं राहायचं, मग गॅस पेटवायचा.

सुशीला घाबरट. साहेब खूश राहावा म्हणून तिने फुलदाणीतली प्लास्टिकची फुलं ओवून हार केला आणि फोटोला घातला. आपण थोरामोठ्यांच्या तसबिरीला घालतो तसा.

संध्याकाळी अधिकारी आला. हार बघून थांबला. तरुणपणी तो पुण्यात कॉलेजात शिकलेला, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. अगदी हळू आवाजात म्हणाला, "मैं पुणे में रहा हूँ. मेरा मकान-मालिक मर गया, तब उसके फोटो पर ऐसा ही हार था."

"नहीं साब," सुशीला म्हणाली, "इज्जत के लिए. इज्जत के लिए."

त्याने हार काढला आणि तिच्या गळ्यात घातला. सैनिक हसले. दोघांनी तिला ओढत नेऊन जीपमध्ये बसवलं. मी धावले तर एकाने बंदुकीच्या दस्त्याने मागे ढकललं. अधिकारी खुर्चीत बसला. मला म्हणाला, "खाना लगाओ."

मी ताटं वाढली. तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

सुशीला परत आली नाही. मी आले. वाळवंटातून बसने, मग छावणी, मग विमान. खोपटला एसटी डेपोच्या मागे तिची आई राहायची. मला दारात बघून ती माझ्या पाठीमागे बघायला लागली. म्हणाली, "आणि माझी?"

ती मरेपर्यंत, भेटली की तेवढंच विचारायची. आणि माझी?

पुढे तो हुकूमशहा पडला. त्याचे पुतळे दोर बांधून पाडले. त्याला फाशी झाली. टीव्हीवर दाखवलं. शेजारीण म्हणाली, "सुटलीस गं. न्याय मिळाला." कसला न्याय? सुशीलाबद्दल त्याला कोणी विचारलं? त्याला तर ती माहीतही नव्हती. मला याचाच जास्त संताप येतो. ज्याच्या मानापायी तिला नेलं, त्याला तिचं नावही ठाऊक नव्हतं.

आता मी डोंबिवलीत घरोघरी पोळ्या करते. परवा एका घरी निवृत्त साहेब मोबाईलवर त्या हुकूमशहाचाच जुना व्हिडिओ बघत होते. रणगाडे, सलामी.

"मावशी, तुम्ही तर तिकडे होतात. काय शिस्त होती! आपल्याकडे असाच एक पाहिजे. महिन्यात सगळे सरळ."

बाई हसल्या. "अहो, त्यांना काय विचारता? चौथी पास त्या."

आजवर असं काही ऐकलं की मी मान हलवायची आणि पुढची पोळी लाटायची. परवा गॅस बंद केला.

"साहेब, असा माणूस आला तर तुमच्या घरातून आधी कोणाला न्यायचं? सुनेला की नातीला?"

"मावशी, तोंड सांभाळा!"

"का? नेलेल्या एकीचं नाव माझ्याकडे आहे. सुशीला." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साहेबांनी मोबाईल उपडा ठेवला. बाई म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका."

बरं म्हटलं. पिठाचे हात धुतले आणि निघाले.

असं बोलणारे आता प्रत्येक मजल्यावर भेटतात. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, सत्यनारायणाच्या प्रसादाला. एक कडक माणूस पाहिजे म्हणतात. कोणी ओरडत नाही. चहा पीत, हसत बोलतात. मला ओरडण्याची भीती नाही वाटत, या हसण्याची वाटते. तिकडेही सुरुवात अशीच झाली असणार.

माझी सत्तरी उलटली. अजून तीन घरं आहेत. तिथे हा विषय निघाला की मी काम थांबवून सुशीलाला कुठे नेलं ते विचारणार. घरं सुटली तर सुटली. मग जिन्यात उभी राहून विचारीन. पण मान हलवणार नाही.