सोमवारचा हार

"राणीचा हार!" माझ्या टेबलामागे उभे राहून काळे सर म्हणाले. टेबलावर हार नव्हता. ट्रेमध्ये उत्खननात निघालेले अकीक दगडाचे लाल मणी होते. सोमवार होता, आणि सर आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख होते.

मी अशा जुन्या वस्तूंची मापात चित्रं काढते. बाकीच्या वेळात फतेगंजमधल्या एका खोलीत दागिने घडवते. दोन्ही कामांना भिंग एकच. त्या दिवशी सवयही एकच वापरली गेली. मोठा मणी मधोमध, दोन्ही बाजूंना लहान होत जाणारे. दागिनेवाले मणी असेच मांडतात.

"सर, हे असे सापडलेले नाहीत. खड्ड्यात दगडाच्या कपच्यांमध्ये विखुरलेले होते."

"अगं, पण कसे छान बसलेत!"

"मी बसवलेत म्हणून."

सरांनी ऐकलं नाही. ते प्रदर्शन सांभाळणाऱ्या हीनाबेनना फोन लावत होते. संध्याकाळी फलकाचा मजकूर आला: 'राणीचा हार'. सोबत मला काम: हाराचं मोठं चित्र, दोऱ्यासकट, शुक्रवारपर्यंत.

"सर, राणी कुठून आली?"

"एवढा हार दुसरं कोण घालणार?"

माझं डोकं फिरलं. दगड तापवून लाल करणारा, घासणारा, भोक पाडणारा माणूस फलकावर कुठेच नव्हता. कुणालाही न सापडलेली राणी मात्र मोठ्या अक्षरात होती.

भांडले असते, तर चित्र दुसऱ्या कुणीतरी काढलं असतं. म्हणून मीच काढायला घेतलं. आमच्यात प्रत्येक वस्तूचा सेक्शन काढतात. वस्तू मधोमध चिरली तर आत काय दिसेल, ते चित्र म्हणजे सेक्शन. खरोखर चिरत नाहीत. भोकात बारीक सुई घालून खोली मोजतात. मण्याला दोन्ही टोकांकडून भोक पाडत मध्ये आणतात. इथे बहुतेक मण्यांत सुई अर्ध्यातच अडली. भोक पुरं झालंच नव्हतं. हे कुणाच्या तरी हातातलं अपुरं काम होतं, आणि तो खड्डा त्याच्या कारखान्याचा होता.

मी हार काढला, पण प्रत्येक मणी सेक्शनमध्ये. दोरा जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच काढला.

शुक्रवारी हीनाबेननी चित्र डोळ्यांजवळ धरलं. "दोरो केम तूटेलो छे?"

"तुटलेला नाही, बेन. पुढे दगड आहे."

सरांनी माझं भिंग घेतलं. एकेक मणी पाहिला. मग म्हणाले, "पण हार तर तूच मांडला होतास!"

"हो सर. हार आहेच. सोमवारचा आहे."

हीनाबेन हसल्या. सर हसले नाहीत. "मी वर सगळ्यांना सांगून बसलोय. आता त्या राणीचं काय करू?"

"एने रजा आपी दो, सर," हीनाबेन म्हणाल्या.

राणी रजेवर गेली. फलकावर 'मणी घडवणाऱ्याचा कारखाना' असं आलं, खाली माझे सेक्शन. उद्घाटनाला गर्दी शेजारच्या सोन्याच्या कपाटापुढे होती. आमच्याकडे एक काका आले, आणि हार कुठे ठेवलाय म्हणून विचारू लागले. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आता मी मणी उत्खननात पडलेल्या नंबराप्रमाणे मांडते. वाईट दिसतात. हात अजून मोठा मणी मधोमध ठेवायला जातो. तो मणी मी उचलून कडेला ठेवते.