आजी आहेतच ना

हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते माझ्याच घरात, न्युरेम्बर्गला, ऑक्टोबरच्या एका रविवारी दुपारी. चार मराठी कुटुंबं, आठ मोठी माणसं, सात पोरं आणि आमच्या टीव्हीवर लावलेलं एक एक्सेल शीट. ख्रिसमसच्या फेरीयनमध्ये, म्हणजे शाळांच्या सुट्टीत, सगळ्यांनी मिळून कॅरिबियन क्रूझला जायचं ठरलं होतं. शीट बनवलं होतं आमच्या ग्रुपच्या लीडरने. त्याला लीडर कुणी केलं, देव जाणे. आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, घरीही तोच तोरा. दर वाक्याआधी एक जर्मन 'आल्झो', म्हणजे 'तर मग', दर वाक्यानंतर एक 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'.

शीटमध्ये रकाने होते: तारीख, बेट, जहाज किती वाजता लागणार, कोण काय बघणार. शेवटचा रकाना होता 'मुलं'. त्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द भरलेला होता. आजी.

आजी म्हणजे माझी आई. ती नोव्हेंबरात पुण्याहून यायची होती, तीन महिन्यांसाठी. चार घरांत मिळून त्या वेळी येणारं वडीलधारं माणूस ते एकच, म्हणून ती सगळ्यांची आजी. तिला कुणी विचारलं? छे! विचारायचं काय त्यात?

"जहाजावर मुलांचा क्लब आहे की," मी म्हटलं. "दिवसभर सांभाळतात."

"अगं, तिथे काहीबाही सॉसेज चारतील," लीडरची बायको म्हणाली. "आणि सगळं जर्मनमध्ये. आजींजवळ राहिली तर चार शब्द मराठी तरी बोलतील. आजी आहेतच ना!"

वा गं वा! ही पोरं मराठी बोलणार! माझी स्वतःची सहा वर्षांची लेक आजीने "भूक लागली का?" म्हटलं तर "नाइन, ओमा" असं जर्मनमध्येच नाही म्हणते. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. वर कुणीतरी म्हणालं, "त्यांना तर आवडच आहे मुलांची. बालवाडी चालवायच्या ना?"

चालवायची. चौतीस वर्षं चालवली. रिटायर झाली त्या दिवशी घरी येऊन तिने पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "संपलं बाई. आता कुणाचं नाक पुसायचं नाही." हे मी तेव्हाच, त्या टीव्हीसमोर उभं राहून सांगायला हवं होतं. मी चहा टाकायला आत गेले.

आता मुद्द्याचं सांगते. आईला समुद्रात पोहायचं होतं. एवढंच. तिला जहाज नको होतं, बुफे नको होता, बर्फाची शिल्पं नि रोजचे नाचगाण्याचे कार्यक्रम नको होते. बाबा गेल्यानंतर, बासष्टाव्या वर्षी, शेजारच्या काकूंनी तिला ओढून महानगरपालिकेच्या तलावावर नेलं, बायकांच्या सकाळच्या बॅचला. तीन महिने ती कडेचा बार सोडेना. शिकवणाऱ्या बाईंनी तिला एकदा चांगलं फैलावर घेतलं आणि मग ती अशी काही सुटली की बस! आता सदुसष्टची आहे, न थांबता वीस फेऱ्या मारते. कोकणात महिला मंडळाच्या सहलीला गेली तेव्हा मात्र लाटा मोठ्या होत्या, जीवरक्षकांनी शिट्ट्या मारून सगळ्यांना बाहेर काढलं. साडी गुडघ्यापर्यंत धरून परत आली बिचारी.

क्रूझचं कळलं तेव्हा फोनवर तिने पहिला प्रश्न विचारला, "तिथे समुद्रात पोहता येतं का गं?"

"येतं म्हणजे काय! पाणी कोमट असतं, शांत असतं."

"मग मी पोहणार. हौद झाला खूप. समुद्राला पलीकडची भिंत नसते ना, तसं एकदा पोहून बघायचंय."

"मी नेते तुला. शब्द दिला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला, फक्त मला. गडद निळा, कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्याखाली पाय. नवा कोरा पोहण्याचा ड्रेस. खाली लिहिलं होतं, 'कुणाला दाखवू नकोस, हसतील.'

विमानाने उडून, जहाजावर चढून, सामान लावून होईपर्यंत दोन दिवस गेले. जहाज म्हणजे एक आख्खं गाव होतं, आणि त्या गावात निम्मे जर्मन पेन्शनर. पहाटेच खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा धरणारे. वरच्या पूलमध्ये मुंगी शिरायला जागा नाही. "राहू दे," आई म्हणाली. "हौद तर पुण्यातही आहे."

पहिलं बेट लागलं. सगळ्यांची शिडाच्या बोटीची सफर ठरलेली, आठ वर्षांखालच्या मुलांना मनाई, आणि आमची सातही त्याखालची. शीटमध्ये होतंच. नवरा म्हणाला, "आजच्या दिवस. उद्या-परवा आई येतीलच." आईसुद्धा म्हणाली, "जा तुम्ही." मी गेले. संध्याकाळी परत आले तर खिडकी नसलेल्या आमच्या केबिनमध्ये सात पोरं पलंगावर उड्या मारत होती आणि आई जमिनीवर बसून कुणाच्या तरी पायातले मोजे उलटे करत होती. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, इथे तर घोड्यांचा तबेलाच होता.

दुसऱ्या बेटाच्या दिवशी आई सकाळीच तयार. पंजाबी ड्रेसच्या आत तिने तो निळा ड्रेस घातला होता. टोपी आणि गॉगल पिशवीत. मला कोपरखळी मारून हळूच म्हणाली, "आतून घातलाय. तिथे बदलायला जागा कुठे शोधत बसायची!" चेहरा बघायला हवा होता तिचा. उतरायच्या रांगेत आमचा नंबर आला, कार्ड दाखवायचं तेवढं बाकी, आणि लीडरच्या तीन वर्षांच्या धाकट्याने भोकाड पसरलं. कान दुखतोय म्हणे. त्याची आई वळली, पोरगं सरळ माझ्या आईच्या कडेवर दिलं आणि म्हणाली, "आजी, तुमच्याजवळच राहतो हो हा. आमचं टॅक्सीवाल्याशी ठरलंय, तो थांबायचा नाही."

आणि बाकीचे? बाकीच्यांच्याही लक्षात आलं की अरे, आजी थांबताहेतच, मग आपलंही ठेवून जाऊ. पाच मिनिटांत आईभोवती सातही पोरं. दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हावं ते आमच्या मंडळींनी! कुणी हसून "आजी, यू आर द बेस्ट" म्हणालं. आई पोराला घेऊन मागे फिरली, आत तो ड्रेस तसाच. मी तिच्याकडे बघितलं, तिने हातानेच 'जा' म्हणून खूण केली आणि मी उतरले.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. मी गाड्यांचे ब्रेक तपासण्याचं काम करते. ऑफिसात एका स्क्रूच्या मापावरून मी जर्मन बॉसशी तासभर भांडले आहे, टेबलावर हात आपटून. आणि इथे चार ओळखीच्या माणसांसमोर माझी दातखीळ बसली. कारण काय, तर ग्रुप! इथे हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, गणपतीला आरती म्हणायला माणसं लागतात, आजारी पडलं तर पोर कुणाकडे तरी ठेवायला लागतं. ग्रुप तुटला तर कुणाच्या दारात जाणार? ही भीती इथल्या प्रत्येकाच्या पोटात असते आणि तिच्या जोरावर असले लीडर माजतात.

तिसरं आणि शेवटचं बेट. आदल्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "उद्या मी राहते पोरांजवळ. आई जाऊ दे तुमच्याबरोबर."

"आई? आमच्याबरोबर स्नॉर्कलिंगला?" तो म्हणाला. "तिकीट तुझ्या नावाचं आहे. आणि त्या काय करतील तिथे? आता शेवटच्या दिवशी वातावरण खराब करू नकोस, प्लीज."

"मग तू रहा. मी आईला किनाऱ्यावर नेते."

"मी? सात जणांना?" तो असा बघायला लागला, जसं काही मी त्याला जहाज चालवायला सांगितलं. म्हणजे त्याला सात पोरं जड, आणि माझ्या आईला मात्र आवड!

भांडण आईच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "अगं, तू जा. वर्षभर राबतेस. मला काय, पुन्हा कधीतरी." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तो खाताना तीच वर माझी समजूत काढत होती.

आणि मी गेले. हे लिहिताना माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. मला धड पोहता येत नाही. अंगात केशरी जाकीट, तोंडात नळी, एका काळ्या दोरीला धरून मी त्या निळ्या पाण्यावर तरंगले. खाली एक कासव गेलं, इतकं जवळून की पाय उचलून घ्यावे लागले. पाणी खरंच कोमट होतं. आणि मला मजा आली हो! दीड तास मला आईची आठवणही झाली नाही. जिला पोहता येतं ती खिडकी नसलेल्या खोलीत पोरांशी सापशिडी खेळत होती आणि जिला येत नाही ती कासवं बघत होती.

न्युरेम्बर्गला परत आलो तेव्हा सगळीकडे बर्फ. मी मशीन लावायला कपडे गोळा करत होते. आईच्या बॅगेतून तो निळा ड्रेस काढून मशीनमध्ये टाकणार, एवढ्यात ती म्हणाली, "तो नको टाकूस. कोरडाच आहे, धुवायचं काय त्यात?" तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिने तो घडी करून परत बॅगेत ठेवला.

दोन आठवड्यांनी, पुन्हा रविवारी दुपारी, पुन्हा माझ्याच घरी फोटो बघायचा कार्यक्रम ठरला. सगळे आले. वडे कुणी तळले? कुणी म्हणजे काय, आजी आहेतच ना! आई तासभर कढईपाशी उभी होती आणि ही मंडळी सोफ्यावर बसून "आजी, चटणी!" म्हणून आत हाका मारत होती. टीव्हीवर नवऱ्याने पाण्याखाली काढलेला व्हिडिओ लावला. तेच कासव, तेच निळं पाणी, त्यात माझे केशरी जाकिटातले हातपाय.

आई झारा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. पूर्ण व्हिडिओ संपेपर्यंत तिथून हलली नाही. मग माझ्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, ते पाणी डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं का हो?"

लीडर मोठ्याने हसला. "आजी, तुम्हाला काय करायचंय? तुम्ही कुठे उतरणार होतात पाण्यात!"

सगळे हसले. माझा नवराही हसला. आणि माझं डोकंच फिरलं. मी आतल्या खोलीत गेले, आईच्या बॅगेतून तो ड्रेस, टोपी, गॉगल सगळं काढलं आणि आणून वड्यांच्या ताटाशेजारी आपटलं. "वीस फेऱ्या मारते ती! न थांबता! तुमच्यातल्या एकाला तरी दोन येतात का? दहा दिवस एकदा तरी कुणी विचारलंत का तिला, की आजी, तुम्हाला काय करायचंय? सात पोरं गळ्यात बांधलीत आणि वर वडेही तिनेच तळायचे? लाज कशी वाटत नाही तुम्हाला!"

नवरा "अगं, अगं" करत उठला. लीडरच्या बायकोने तो ड्रेस बोटाने जरा सरकवून बघितला. अजून नवा कोराच होता. टीव्हीवर व्हिडिओ पहिल्यापासून सुरू झाला होता.

शेवटी लीडर म्हणाला, आणि मला कबूल करायला हवं की तो खरंच ओशाळला होता, "अहो आजी, पण मग आधी सांगायचं नाही का? आम्हाला कसं कळणार? निदान कुणाला तरी एकाला सांगायचंत."

आईने झारा बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि तो ड्रेस उचलून घडी घालायला लागली.

"सांगितलं होतं हो," ती म्हणाली. "हिला सांगितलं होतं."

मग घडी आत ठेवून आली आणि वडे गार होताहेत, घ्या म्हणाली.