पेपरवरचं नाव

"मॅडम, ही बाई दुसरीचे पेपर स्वतःच्या नावावर खपवतेय. रिपोर्टवर तसा शेरा मारा, म्हणजे अर्ज बाजूला काढता येईल," डीन सर म्हणाले आणि फाइल माझ्या टेबलावर ठेवली.

आमच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत मी सायटेशनचं काम बघते. सायटेशन म्हणजे काय, तर तुमच्या पेपरचा आधार पुढं दुसऱ्या संशोधकानं घेतला अन् तसं लिहिलं, की तुमच्या खात्यात एक जमा. मी नोकरीला लागले तेव्हा इथं कार्डांचे लाकडी ड्रॉवर होते. हे नवं काम मला कुणी शिकवलं नाही, स्क्रीनसमोर बसून चुकत चुकत आलं. आता असोसिएट प्रोफेसरच्या मुलाखतींआधी प्रत्येक उमेदवाराचा रिपोर्ट माझ्या सहीनं जातो.

फाइल वर्षा नावाच्या मुलीची. मुलगी कसली, कॉलेजात शिकवणारी बाई, पण माझ्या वयाला सगळ्या मुलीच. विषय वनस्पतिशास्त्र, त्यात अद्रकीची कंदकूज, म्हणजे जमिनीत कंद सडतो तो रोग. गाव पिशोर. तिकडं अद्रक लई, तेव्हा विषय घरच्या वावरातच मिळालेला. अर्जात अकरा पेपर. डेटाबेसात तिच्या नावावर चारच. उरलेले सात छापले होते रेवती नावाच्या, वेगळ्याच आडनावाच्या बाईच्या नावानं. अन् अर्जात त्या सातांपुढंही वर्षानं स्वतःचंच नाव लिहिलेलं. डीन सरांचा संशय काही हवेतला नव्हता.

"सर, शेरा मारायला मला दोन मिनिटं लागतात, पुसायला तिला जन्म जाईल. आधी बघू द्या."

"बघा. पण मुलाखती तोंडावर आल्यात."

मी दोघींचे पेपर शेजारी-शेजारी लावले. गाइड एकच. लॅब एकच. रेवती जिथं थांबते तिथूनच वर्षाचे प्रयोग पुढं सुरू होतात. आणि एकाही पेपरवर दोघी एकत्र नाहीत. एका लॅबमध्ये, एकाच रोगावर काम करणाऱ्या दोन बायका एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत, हे मला काही पटेना. फोन करून वर्षाला बोलावलं. आली, खुर्चीच्या टोकावर बसली.

"रेवती तूच ना?"

तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं होतं ते नाव, मॅडम. मला कुणी विचारलं नव्हतं. आता घटस्फोट झालाय. राजपत्रात देऊन माहेरचं नाव परत घेतलं."

"मग राजपत्राची झेरॉक्स जोडायची की अर्जाला. एवढा गोंधळ झालाच नसता."

"अन् मुलाखतीत सगळे विचारणार, रेवती कोण, काय झालं, का सोडलं. पेपर माझे आहेत, मॅडम. ते नाव माझं नाय."

तिच्यापुढं बिस्किटाची बशी सरकवली अन् कामाला लागले.

पूर्वी याला इलाज नव्हता, छापलं ते छापलं. आता बरेच मोठे प्रकाशक लेखकानं कळवलं की जुन्या पेपरवरचंही नाव बदलून देतात. कारण विचारत नाहीत, शुद्धिपत्र छापत नाहीत. वर्षाकडून सगळीकडं ईमेल करवून घेतले. तिला संशोधकाचा कायमचा नंबर काढून दिला. तो गाडीच्या चेसी नंबरसारखा असतो, पुढची पाटी बदलली तरी हा बदलत नाही. विद्यापीठाच्या तारखा नेहमीप्रमाणं पुढं सरकल्या, त्याचा एकदा तरी कुणाला फायदा झाला. सहा पेपर बदलून आले. मग डेटाबेसवाल्यांना लिहून दोन प्रोफाइलची एक करून घेतली.

सातवा अडला. लहानसं जर्नल. संपादकांना फोन केला तर म्हणाले, "ताई, अंक पोस्टानं घरोघर गेलेत. आता काय दारोदार फिरून खोडू?"

वर्षाला सांगितलं. ती म्हणाली, "राहू द्या. तो रेवतीचा."

"अगं, सगळ्यात जास्त सायटेशन त्यालाच आहेत."

"माहितीये."

तिनं सुधारित यादी दिली. रिपोर्ट घेऊन मी डीन सरांकडं गेले.

"नावं कशी काय बदलली?"

"प्रकाशकांनी बदलली. लेखिका एकच आहे, कागद बघून मी पडताळलंय. खाली सही माझी आहे."

"ते जुनं प्रकरण काय, ते तरी कळू द्या."

"सर, रिपोर्टमध्ये त्याचा रकाना नाही."

ते जरा हसले. मग बोट ठेवत म्हणाले, "आधी अकरा होते. हे दहाच."

"एक तिनं सोडला."

"पेपर कुणी सोडतं का, मॅडम?"

"सोडतं कुणी कुणी."

दहांवर मुलाखत झाली अन् वर्षाची निवड झाली. पेढे घेऊन आली तेव्हा मात्र खुर्चीत नीट टेकून बसली.

तेव्हापासून पीएच.डी.च्या नव्या पोरींना मी पहिल्याच दिवशी सांगते, पहिला पेपर पाठवायच्या आधी नाव ठरवा, मग ते कुणासाठी हलवू नका.

परवा डीन सरांचा फोन आला. कधी नव्हे ते हळू बोलत होते. "मॅडम, मुलीचं लग्न ठरलंय. तिचे दोन पेपर आलेत. नावाचं काय करायचं असतं?"

मी म्हटलं, "काहीच करायचं नसतं, सर."